आधी नोंद, मग सुधारणा



प्रयोगशाळेत तापमापकावरचे आकडे तुम्ही वहीत कसे लिहिता? दिसतील तसेच. सरासरी काढणे, आलेख रेखणे ही कामे नंतरची. पहिल्यापासूनच ‘सुधारलेले’ आकडे लिहिले, तर मूळ निरीक्षण पुन्हा कोणालाच मिळत नाही. घरातील जुन्या व्हिडिओ कॅसेटी संगणकावर उतरवून घेतानाही हाच नियम पाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आईवडिलांच्या लग्नाची किंवा आजोबांच्या एकसष्टीची व्ही.एच.एस. कॅसेट पुष्कळ घरांत कपाटात पडून असते. ही पद्धत जपानमध्ये १९७६ साली बाजारात आली. अर्धा इंच रुंदीच्या प्लॅस्टिकच्या फितीवर चुंबकीय कणांचा पातळ थर असतो आणि चित्र त्या थरात साठवलेले असते. दमट हवेत फितीवर बुरशी चढते, थरही हळूहळू खराब होतो. शिवाय कॅसेट चालवणारे व्ही.सी.आर. यंत्र आता दुर्मिळ झाले आहे. ते अखेरपर्यंत बनवत राहिलेल्या जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. म्हणजे फीत उतरवण्याची चांगली संधी कदाचित एकदाच मिळेल. त्या वेळी संगणक जे पर्याय पुढे ठेवतो, ते विचारपूर्वक निवडायला हवेत.

पहिला प्रश्न चित्राच्या आकाराचा. भारतात वापरल्या गेलेल्या पाल पद्धतीत एक चित्र ६२५ रेषांचे असते. त्यांपैकी ५७६ रेषांवर प्रत्यक्ष दृश्य असते. म्हणून ७२० × ५७६ हा आकार योग्य. आडव्या दिशेने तर फितीत ७२० बिंदूंइतका तपशीलही नसतो. तरीही पुष्कळजण १९२० × १०८० निवडतात. आकडा मोठा, म्हणून चित्र चांगले! पण ताकात पाणी ओतल्याने ताक वाढते, लोणी वाढत नाही.

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा. पाल पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे असतात, पण प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत येते: आधी एकाआड एक अशा निम्म्या रेषा, मग उरलेल्या. दोन हप्त्यांत १/५० सेकंदाचे अंतर असते. म्हणजे फितीवर सेकंदाला ५० वेगवेगळे क्षण नोंदलेले असतात. लेझीम खेळणाऱ्या मुलाचा हात तेवढ्या वेळात थोडा पुढे सरकतो. त्यामुळे संगणकावर चित्र थांबवले, की हाताच्या कडेला कंगव्यासारखे दाते दिसतात. ते पाहून लोक घाईघाईने ‘डीइंटरलेस’ हा पर्याय चालू करतात. स्वस्त उपकरणे अशा वेळी एक हप्ता टाकून तरी देतात, नाही तर दोन्ही एकात मिसळतात. दाते जातात, त्यांच्याबरोबर ५० पैकी २५ क्षणही जातात! मूळ रेषा जशाच्या तशा ठेवल्या, तर हे काम पुढे सावकाश आणि अधिक चांगल्या पद्धतीने करता येते.

तिसरा प्रश्न जागेचा. आपणच हिशेब करू या. ७२० × ५७६ म्हणजे ४,१४,७२० बिंदू. प्रत्येकाला २ बाइट धरले, तर २५ चित्रांचे, म्हणजे एका सेकंदाचे, २,०७,३६,००० बाइट होतात. तासाला सुमारे ७५ गिगाबाइट! परंतु एफएफव्ही१ सारख्या पद्धतीने काहीही न गमावता ही नोंद आवळता येते, आणि बहुधा निम्म्याहून कमी जागा पुरते.

“एवढा पसारा कशाला? आजीला तर फोनवरच पाहायचे आहे,” असे कोणी म्हणेल. आजीसाठी तासाला एक-दोन गिगाबाइटची छोटी प्रत अवश्य करा. पण ती मूळ नोंदीवरून करा. मोठ्या प्रतीवरून छोटी केव्हाही निघते, छोटीवरून मोठी कधीच निघत नाही. जागा खरोखरच अपुरी असेल, तर कॅसेटी निवडा. दूरदर्शनवरून उतरवलेला चित्रपट इतरत्र मिळू शकेल. आजोबांचा चालता-बोलता चेहरा मिळणार नाही.

एक गोष्ट मात्र आधीच साधावी लागते: उजेडाचे प्रमाण. संगणक बिंदूचा उजेड ० ते २५५ या आकड्यांत मोजतो. त्याहून उजळ असलेले सारे बिंदू २५५ वरच अडकतात आणि पांढऱ्या धोतराच्या चुण्या नाहीशा होतात. त्या पुढे कोणत्याही युक्तीने परत येत नाहीत. ही लबाडी नव्हे. पारा माथ्याला टेकणार नाही असा तापमापक निवडण्यासारखेच हे आहे.

तेव्हा घरात कोणी कॅसेटी उतरवत असेल, तर आधी पाच मिनिटांचा भाग दोन्ही प्रकारे उतरवायला सांगा. धावणाऱ्या मुलाचे दृश्य शोधा, एकेक चित्र पुढे सरकवत दोन्ही प्रती ताडून पाहा. कोणत्या प्रतीत अधिक क्षण उरले आहेत, हे तुमचे डोळेच सांगतील. बुरशी दिसणारी कॅसेट मात्र यंत्रात मुळीच घालू नका. ती आधी जाणकाराकडून स्वच्छ करून घ्या.