राजधानी राजाची, व्याज विणकराचं

आपल्यातले काही मित्र हल्ली छाती फुगवून सांगतात, सातवाहन आपले, पैठणची राजधानी आपली. कामून आपली? तर म्हणं, त्यांनी भिक्खूंना लेणी दिली. मित्रहो, देणारा हात दिसला की तो आपला? मग तर गावोगावचे सावकारही आपलेच!

पैठण बघून या. टॉलेमीनं ज्याला पुळुमावीची राजधानी म्हटलं ते प्रतिष्ठान मातीखाली गेलंय. वर घरं, खाली विटा-खापरं. तिथलीच गोदावरी पुढं आपल्या गंगाखेडात येते. पण राजा काय बोलतो ते ऐकायला नाशिकला जावं लागतं. (लेणी भिक्खूंची, नाव पांडवांचं. ते भांडण वेगळं.) तिथं 3 नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीनं आपल्या मेलेल्या लेकाची थोरवी कोरून ठेवलीय. गौतमीपुत्र सातकर्णी कसा? तर 'एकबम्हण'. अन् चार वर्णांची सरमिसळ थांबवणारा. परत वाचा! लेणं भिक्खूंना, पहारा चातुर्वर्ण्याला, दोन्ही एकाच भिंतीवर. 25 डिसेंबर 1927 ला महाडला बाबासाहेबांनी कागदावरचं जाळलं. मग दगडावरचं आपण कामून पूजायचं?

त्याच डोंगरात 10 नंबरच्या लेण्यात दुसरा लेख आहे. हा उषवदाताचा, सातवाहनांचा वैरी नहपान त्याचा जावई. त्यानं विणकरांच्या एका श्रेणीकडं 2000 कार्षापण ठेवले, महिन्याला शेकडा 1 व्याजानं. वर्षाचे झाले 240. त्यातून 20 भिक्खूंना चीवरासाठी 12-12. हिशेब पैशाला पैसा जुळतो. पण हे 240 आले कुठून? मागावर बसलेल्यांच्या पाठीतून. दगडावर नाव मात्र जावयाचं. मी जिनिंगमधे कापूस ओढतो, रात्रपाळीला नाकातोंडात रुई जाते. हे गणित मला मास्तरनं शिकवायची गरज नाही.

पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहून ठेवलंय, पैठणहून अकीक अन् तेरहून कापड गाड्या भरभरून भडोचला जायचं, रस्ता नसलेल्या मुलखातून. त्या गाड्या हाकल्या कुणी, चाकं चिखलातून उपसली कुणी, ते त्यानं लिहिलं नाही.

एक नाव तेवढं सापडतं. पितळखोऱ्याच्या खांबावर पैठणच्या गांधिकाच्या, म्हणजे अत्तरवाल्याच्या घरातल्या मितदेवाचं. खांब दिला, नाव कोरलं. पैसेवाला असंल, मान्य. पण राजा नव्हता. अख्ख्या राजधानीपेक्षा हा एक खांब मला जवळचा वाटतो.

विद्यापीठाच्या नावासाठी आपण 1978 ते 1994, सोळा वर्षं लढलो. घरं जळाली, माणसं मेली. नावाची किंमत आपल्याला कुणी सांगायची? अन् आपणच आता विणकरांना बिननावाचं ठेवून राजांच्या नावाची कॅलेंडरं छापणार?

त्याची वर्गणी मागायला माझ्याकडं येऊ नका. नाशिकचे ते दोन्ही लेख सोप्या मराठीत करा. 14 ऑक्टोबरला परभणीत स्टेशनसमोर शेजारी-शेजारी लावा. हिशेबासकट. त्याला माझी आठवड्याची हजेरी घ्या.