नॅनोकणांची खरी परीक्षा पुढेच

प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे २०१९ साली जगात थेट १२ लाख ७० हजार मृत्यू झाले, असा अंदाज ‘लॅन्सेट’ने २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. साहजिकच झिंक ऑक्साइड, कॉपर ऑक्साइड यांच्या नॅनोकणांकडे संशोधक आशेने पाहत आहेत. हे कण जिवाणूंच्या आवरणाला इजा करतात आणि ऑक्सिजनच्या अतिक्रियाशील रूपांद्वारे त्यांना मारतात. मात्र, प्रयोगशाळेतील बशीत जिवाणूंची वाढ रोखणारा पदार्थ औषध ठरतोच असे नाही. मानवी पेशींना तो कितपत घातक आहे, हेही तपासावे लागते. गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातील वडसा (देसाईगंज) परिसरातून प्रगत उपचारांसाठी नागपूर गाठावे लागते. तेथे नेहमीचे औषध निकामी होणे अधिक महागात पडते. म्हणूनच नवे औषध हाती येईपर्यंत आहे ती प्रतिजैविके जपून वापरण्यातच शहाणपण आहे.