तोरणाचाही जीर्णोद्धार

बस्तीच्या शिखराला तडा गेला की सभा भरते, सवाल होतात, देणगीदारांची नावं संगमरवरावर कोरली जातात. त्याला आपण जीर्णोद्धार म्हणतो. आणि दिवाळीआधी घरातल्या बाईनं आजेसासूच्या हातचं काचमण्यांचं तोरण दुरुस्तीला काढलं, की तिला काय ऐकावं लागतं? "बाजारात दोनशे रुपयांत नवं मिळतंय की वो काकू, कशाला डोळे फोडून घेताय?" दगडाला हात लावला तर पुण्य, मण्याला लावला तर चिकूपणा! हा न्याय मला मान्य नाही.

मग शास्त्र काढतात. तुटकं दाराला बांधू नये म्हणे, अशुभ. वर खंडित मूर्तीचा दाखला. अहो, मूर्तीची प्रतिष्ठा झालेली असते, तिचे नियम वेगळे. तोरणाचं पंचकल्याण कुणी केलं होतं? आपल्या बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती १२०४ सालची. तिची डागडुजी झाली तेव्हा अशुभ कुणाला आठवलं नाही!

आणि तोरणाचं बिघडतं तरी काय? काच कुजत नाही. कुजतो तो सुती दोरा, नाहीतर फुटक्या मण्याची धार त्याला कापते. चार पैशांच्या दोऱ्यासाठी कुणाच्या कितीतरी दुपारी कचऱ्यात टाकायच्या?

दुरुस्ती अवघड नाही. पांढऱ्या कापडावर तोरण पसरा, आधी फोटो काढून ठेवा. सगळं उसवू नका. तुटल्या जागेजवळचे मणी घरंगळू नयेत म्हणून जुना दोरा गाठीनं अडवा, फुटका मणी काढा आणि नवा दोरा शेजारच्या धड मण्यांतूनही फिरवून घ्या. दोऱ्याला मेण लावा असं सांगतात; आपल्यात मध-मेण वर्ज्य, तेव्हा दोरा दुहेरी घ्यावा. रंग जुळत नसेल तर कडेचा जुना मणी मधे घ्या, नवा कडेला.

दशलक्षणात उत्तम आकिंचन्यावरचं प्रवचन ऐकून आपण माना डोलावतो. दीड महिन्यानं, ज्यांनी अंगावरचं वस्त्रसुद्धा ठेवलं नाही त्या महावीरांच्या निर्वाणदिनाला प्लॅस्टिकचं तोरण आणतो, पुढच्या वर्षी ते फेकून दुसरं आणतो. याला अपरिग्रह म्हणायचं का?

माझ्या आजेसासूबाईंचं नाव कुठल्याच फरशीवर नाही. पोथीत नाही, सात-बाऱ्यावर तर नाहीच. त्यांचं म्हणून उरलंय ते एक स्वस्तिक, एक कलश आणि दोन पोपट. त्यातल्या एका पोपटाची चोच निळी. लाल मणी संपले असणार. ती निळी चोच मी बदलू देणार नाही.

तेव्हा बायांनो, यंदा लाडवाचं पीठ भाजायच्या आधी माळ्यावरचा डबा खाली काढा. तोरण दुरुस्त करा, आणि मागच्या अस्तरावर दोन नावं टाचा: जिनं ओवलं तिचं, आणि जिनं सांधलं तिचं. त्यासाठी कुणाचा सवाल घ्यावा लागत नाही.