मेलेल्याचा पट्टा

"कंपनीनं सेफ्टी बेल्ट दिला होता, कामगारानंच लावला नाही."

माणूस पत्र्यावरून पडला की दुसऱ्या दिवशी हे वाक्य तयार. सातपूर असो, अंबड असो, सिन्नरची माळेगाव एमआयडीसी असो. नाव बदलतं, वाक्य तेच. मढं अजून सिव्हिलमधून बाहेर आलेलं नसतं आणि गुन्हेगार ठरलेला असतो. जो मेला तोच.

या वाक्याशी माझं भांडण आहे.

बेल्ट दिला म्हणजे काय दिलं? कधीचा दिला? कुणाच्या अंगावरचा उतरवून दिला? हूक कशात अडकवायचा ते दाखवलं? पडून लोंबकळत राहिला तर खाली काढणार कोण, ते ठरवलं? यातलं एकाचंही उत्तर नसेल तर साहेबांनी बेल्ट दिला नाही. स्वतःच्या सुटकेचा कागद तुमच्या कमरेला बांधला.

कमरेचंच घ्या. नुसता कमरेचा पट्टा लावून माणूस खाली आला की सगळा हिसका पोटावर आणि पाठीच्या मणक्यावर बसतो. माणूस मधोमध मोडतो, नाहीतर पट्ट्यातून निसटतो. म्हणून खांदे, छाती, मांड्या धरणारा पूर्ण अंगाचा हार्नेस लागतो, हूकाची कडी पाठीवर, खांद्यांच्या मधे. आयएस 3521 हा हिंदुस्थानी मानकाचा नंबर त्यावर छापलेला असतो. कमरपट्टा फार तर कडेला जाऊ न देण्यापुरता. पण स्टोअरमधे अजून कमरपट्टेच लोंबतात. स्वस्त पडतात ना.

आता हिशेब. शाळा सुटली असेल तरी हा हिशेब प्रत्येकाला यायला पाहिजे. दोरी 2 मीटर. तिच्यातला धक्का खाणारा भाग, शॉक अ‍ॅब्सॉर्बर म्हणतात तो, 1.75 मीटरपर्यंत उसवत जातो. पाठीच्या कडीपासून पायापर्यंत माणूस दीड मीटर. झाले सव्वापाच. वर मीटरभर तरी मोकळी जागा पाहिजे. म्हणजे हूक जिथं अडकवला तिथून खाली सव्वासहा मीटर. आणि मुकादम सांगतो, "अडकव पायाजवळच्या पायपाला." शेड पाच मीटर उंच! बेल्ट लावलेला, हूक लावलेला, दोरी तुटलेली नाही, आणि माणूस फरशीवर. पंचनाम्यात लिहा आता कुणाची चूक.

हूक डोक्याच्या वर अडकवायचा. वर अडकवला की पडणं कमी, हिसका कमी. आणि कशाला? पन्हळीला नाही, विजेच्या कंड्युटला नाही, परांचीच्या बांबूला नाही. पडत्या माणसाचा झटका त्याच्या वजनाच्या कितीतरी पट असतो. लोखंडी कैचीला, नाहीतर त्यासाठीच बसवलेल्या तारेला. ती तार बसवणं हे कामगाराचं काम नाही. ती नसेल तर तुमचा हार्नेस म्हणजे नुसता पोशाख.

आमच्यातले एक-दोन कवी मला म्हणाले, हे काय हूक आणि टाके लिहितोस, यात विद्रोह कुठाय? अरे बाबांनो, तुमच्या कवितेत आभाळ फार स्वस्त झालंय. आभाळ कवेत घे, आभाळाला हात लाव. आभाळाजवळ रोजंदारीवर कोण जातं ते एकदा बघा. पेठ-सुरगाण्यातून आलेला आदिवासी पोरगा, आपल्या वस्तीतला हेल्पर, परमुलखातला रंगारी. परमनंट माणसाला वर चढवत नाहीत, त्याची भरपाई महाग पडते. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसाला विणाई खात्यात घेत नव्हते, कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा आणि आपलं तोंड बाटलेलं. पत्र्यावर चढायला मात्र कुणाचा विटाळ आडवा येत नाही. 1938 च्या फेब्रुवारीत, याच जिल्ह्यात मनमाडला, बाबासाहेबांनी रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांपुढं दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. पत्र्यावर ते दोघं एकाच शिडीनं चढतात.

आणि आता त्या जुन्या बेल्टाबद्दल.

एकदा माणूस पडला आणि बेल्टानं त्याला धरलं, की त्या बेल्टाचं आयुष्य संपलं. वरून धड दिसतो, आतले धागे ताणून मेलेले असतात. तो कापून टाकायचा, म्हणजे पुन्हा कुणी घालणार नाही. कंपनी काय करते? पुसते, टांगते, पुढच्या ठेकेदाराच्या माणसांना देते. मनूनं दहाव्या अध्यायात चांडाळाला मेलेल्यांचे कपडे नेमून दिले होते. ते पुस्तक 25 डिसेंबर 1927 ला महाडला जाळलं. पण ते कलम स्टोअरकीपरच्या रजिस्टरात जिवंत आहे. प्रेतावरचं कापड आमच्या आज्यांनी नेसलं, आता आम्ही मेलेला पट्टा बांधायचा?

नाही बांधायचा. त्यासाठी तो ओळखता आला पाहिजे. पट्टी बोटांत वाकवून इंच इंच बघा. कडेला चिरा, धागे फुगलेले, रंग उडालेला, म्हणजे उन्हानं खाल्लेला. कडक झालेली जागा, बारकी भोकं, म्हणजे वेल्डिंगच्या ठिणग्या नाहीतर बॅटरीचं अ‍ॅसिड. टाके मोजा, एक जरी उसवला तरी परत. हूकाचं तोंड आपोआप बंद झालं पाहिजे, बोटानं ढकलावं लागत असेल तर फेका. दोरीला गाठ नको, पट्ट्याला खिळ्यानं पाडलेलं नवीन भोक नको. धक्का खाणाऱ्या भागाची शिवण उघडलेली दिसली तर समजा, कुणीतरी आधी पडून गेलंय. लेबल वाचता येत नाही, कधी बनवला कळत नाही, तो बेल्ट घालायचा नाही. चांगला असेल तर साध्या साबणानं धुवा, सावलीत वाळवा, बॉयलरपासून लांब टांगा. थिनर लावू नका. ग्रीसच्या डब्याशेजारी कोंबू नका.

आठ माणसांत दोन बेल्ट असतील तर ही निगा कोण राखणार? माणशी एक, नंबर घालून.

आणखी एक गोष्ट, जी कुणीच सांगत नाही. बेल्टानं धरलं म्हणजे वाचला असं नाही. लटकलेल्या माणसाच्या मांड्या पट्ट्यात आवळतात, रक्त पायात साठतं, काही मिनिटांत शुद्ध जाऊ शकते, तसाच लोंबकळत मरूही शकतो. बंब येईपर्यंत थांबता येत नाही. खाली उतरवायची शिडी, दोरी आणि माणूस काम सुरू व्हायच्या आधी तिथं पाहिजे. एकट्यानं वर जायचंच नाही.

1948 च्या कारखाना कायद्यात 32 वं कलम होतं. पडायची भीती आहे तिथं कुंपण घालून किंवा अन्य मार्गानं माणूस सुरक्षित ठेवा, असा त्याचा अर्थ. आधी कुंपण! कठडा, फळ्या, जाळी. बेल्ट नंतर. पण त्यातच पळवाट, "वाजवीपणे शक्य असेल तितकं". ती वाट मालकांनी मळवून हमरस्ता केली. त्या कायद्याच्या जागी 2020 ची संहिता आली, नोव्हेंबर 2025 मधे लागू झाली, आणि इन्स्पेक्टरचं नाव झालं इन्स्पेक्टर-कम-फॅसिलिटेटर. कुणाची सोय करणार हा फॅसिलिटेटर? तरी तिच्यात दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. सुरक्षेच्या साधनांचा पैसा कामगाराकडून घेता येत नाही. आणि 14 व्या कलमानं, जिवाला धोका वाटला तर मालकाला आणि त्याच वेळी इन्स्पेक्टरला कळवता येतं.

आपल्यातही शूर आहेत. "बेल्ट काय, माझा बाप नारळाच्या झाडावर चढायचा." चढायचा ना. मालक याच शौर्यावर नफा काढतो आणि शेवटी तेच शौर्य तुमच्या नावावर निष्काळजीपणा म्हणून लिहितो.

2027 च्या सिंहस्थासाठी नाशकात मांडव, कमानी, पूल. पावसाळ्याआधी प्रत्येक शेडच्या पन्हळी. सिमेंटचा पत्रा माणसाचं वजन धरत नाही, बोल्टांच्या रांगेवरून चाललं तरी नाही, आणि उजेडाचा प्लॅस्टिक पत्रा धुळीखाली दिसतसुद्धा नाही. वर फळ्या टाकल्यात का, तार आहे का, बेल्ट कुणाचा, उतरवणार कोण, हे चार प्रश्न कागदावर लिहा. तारीख टाका, चारचौघांच्या सह्या घ्या, मुकादमाच्या हातात द्या, एक प्रत आपल्याजवळ ठेवा. उत्तर येईपर्यंत शिडीला हात लावू नका.