उपचारास जावे, तर मुलांना कोठे ठेवावे?

काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयातील एक विद्यार्थी सोमवारच्या पहिल्या तासाला हटकून गैरहजर राहत असे. कारण विचारले, की 'बस चुकली' एवढेच उत्तर मिळे. पुढे कळले, की त्याची आई तो लहान असतानाच वारली होती. वडील सातपूरच्या एका कारखान्यात कामाला होते आणि रविवारी रात्री चढलेली दारू सोमवारी सकाळपर्यंत उतरत नसे. धाकट्या बहिणीचा डबा करून, तिला शाळेत पोचवून मग हा मुलगा महाविद्यालयात येई. मी वडिलांना भेटलो. मनुष्य सुशील होता, बोलण्यात नम्र होता. दारू सोडण्याची इच्छा त्यांनी स्वतःहून बोलून दाखविली. त्यांचा प्रश्न एवढाच होता: "सर, महिनाभर दवाखान्यात राहायला मी तयार आहे. पण पोरांजवळ कोण राहील? आणि त्या महिन्याचा पगार कोण देईल?"

या प्रश्नाला माझ्याजवळ तेव्हा उत्तर नव्हते. समाजाजवळ ते आजही नाही, हे सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच.

गृहीत धरलेली गृहिणी

व्यसनमुक्तीविषयी आपल्याकडे जे बोलले जाते, त्याच्या मुळाशी एक ठरावीक चित्र असते: पिणारा नवरा आणि सोसणारी बायको. तीच त्याला उपचारासाठी नेते, तीच मागे घर सांभाळते आणि परत आल्यावर त्याच्यावर लक्षही तीच ठेवते. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यास 'मुक्तांगण' सुरू केले, तेव्हापासून या क्षेत्रात महाराष्ट्राने मोठे काम उभे केले आहे. रुग्णाच्या पत्नीलाही उपचारात सामावून घेण्याची दृष्टी त्या कामात आहे आणि ती योग्यच आहे. परंतु जेथे पिणारी व्यक्ती आणि घर चालविणारी व्यक्ती एकच असते, तेथे काय करावयाचे? विधुर, विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित अशा माणसांच्या घरात दुसरा हात नसतो. या घरांचा विचार आपल्या योजनांत अभावानेच आढळतो.

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या पाहणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १६ कोटी लोक मद्य घेतात आणि त्यांपैकी ५ कोटी ७० लाखांना त्यासाठी मदतीची गरज आहे. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांमागे कसाबसा एक जण कोणत्यातरी उपचारापर्यंत पोचतो. रुग्णालयात राहून उपचार घेणारा तर १८० जणांत एक. उरलेल्यांना सुधारण्याची इच्छाच नाही, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. वस्तुतः अनेकांच्या बाबतीत इच्छा असते. उपचाराची किंमत परवडत नाही.

खरी किंमत कोणती?

अर्थशास्त्राचा पहिला धडा असा, की एखाद्या वस्तूची खरी किंमत म्हणजे तिच्यासाठी जे सोडून द्यावे लागते ते. व्यसनमुक्ती केंद्रातील वास्तव्य साधारणतः चार-पाच आठवड्यांचे असते. दोन मिळवत्या माणसांच्या घरात त्याची किंमत म्हणजे केंद्राचे शुल्क आणि काही गैरसोय. एकट्या पालकाच्या घरात मात्र त्याच उपचाराची किंमत म्हणजे महिन्याची सगळी मिळकत, कदाचित नोकरीच, आणि शिवाय मुलांचा सांभाळ. शुल्क माफ केले तरी ही किंमत कमी होत नाही. म्हणून केवळ 'मोफत उपचार' एवढी घोषणा या माणसाच्या उपयोगाची नाही.

यावर कोणी म्हणेल, की दारू घरीच सोडावी, त्याला दवाखाना कशाला? ही समजूत घातक आहे. दीर्घकाळ आणि रोज पिणाऱ्याने ती एकाएकी बंद केल्यास झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी जीवही जाऊ शकतो. पहिले काही दिवस डॉक्टरांच्या देखरेखीची आवश्यकता असते. ज्या घरात रात्री मुलांखेरीज कोणी नाही, तेथे हा प्रयोग किती धोक्याचा, हे निराळे सांगावयास नको.

स्त्रीची स्थिती याहून बिकट असते. वरील पाहणीत मद्य घेणाऱ्यांचे प्रमाण पुरुषांत २७.३ टक्के, तर स्त्रियांत १.६ टक्के आढळले. संख्या अल्प, म्हणून सोयी अल्प. आणि सोयी अल्प, म्हणून प्रश्न नजरेआड. पिणाऱ्या पुरुषाला समाज 'बिचारा' म्हणतो, पिणाऱ्या आईला 'तसली बाई' म्हणतो. सासरचे लोक मुले काढून नेतील, या भीतीने ती तोंड उघडत नाही. म्हणजे ज्या मुलांसाठी तिला बरे व्हावयाचे असते, त्यांच्याच पायी ती उपचार टाळते.

कायदा काय म्हणतो?

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याने दारू व अमली पदार्थ यांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचा अंतर्भाव मानसिक आजारात केला आहे. म्हणजे ही बाब नीतीची नसून आरोग्याची आहे, हे कायद्याने मान्य केले. याच कायद्याच्या कलम २१ नुसार उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालील मूल सामान्यतः वेगळे करता येत नाही. मुलाच्या सुरक्षिततेसाठी तसे करावेच लागले, तर त्या निर्णयाचा दर पंधरा दिवसांनी फेरविचार व्हावा, अशी तरतूद आहे. ती स्वागतार्ह आहे. परंतु चार वर्षांच्या मुलाचे काय? आठवीतल्या मुलीचे काय? आणि एकट्या बापाचा तर या कलमात उल्लेखही नाही.

महाराष्ट्रात बाल संगोपन योजना आहे. एक पालक असलेल्या व अडचणीतील कुटुंबांतील मुलांना संस्थेत न पाठविता कुटुंबातच वाढविता यावे, हा तिचा हेतू. २०२३ मध्ये तिची रक्कम दरमहा २२५० रुपये करण्यात आली. उपचारासाठी दाखल होणाऱ्या एकट्या पालकाच्या मुलांना त्या काळापुरती ही मदत आठ दिवसांत मंजूर झाली, तर शेजारीण वा नातेवाईक त्यांना ठेवून घेण्यास तयार होतील. आज अर्ज, चौकशी आणि मंजुरी यांतच एवढा काळ जातो, की मनाची तयारी विरून जाते.

आणखी तीन गोष्टी करता येण्याजोग्या आहेत. पहिली, प्रत्येक जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून दोन दिवस तरी संध्याकाळचा व्यसनोपचार विभाग असावा. कामगाराला दिवसपाळी बुडवून यावे लागू नये. दुसरी, उपचाराच्या काळातील रजा ही आजारपणाचीच रजा समजली जावी आणि तिच्या कारणाची वाच्यता होऊ नये. तिसरी, केंद्राजवळच शाळकरी मुलांच्या निवासाची तात्पुरती सोय असावी. पैसा कोठून आणावा, हा प्रश्न शासनाने तरी विचारू नये. मद्यावरील उत्पादन शुल्कातून राज्याच्या तिजोरीत अलीकडे वर्षाला २० हजार कोटींहून अधिक रुपये जमा होतात. द्राक्षांच्या आणि वाइनच्या या जिल्ह्याला त्या महसुलाचे महत्त्व कोणी समजावून सांगावयास नको. त्यातला शेकडा एक रुपया या कामासाठी राखून ठेवणे हा दानधर्म नव्हे, ती भरपाई होय.

शासन हे करील तेव्हा करील. तोवर शिक्षकांनी सोमवारी गैरहजर राहणाऱ्या मुलाला शिक्षा करण्यापूर्वी त्याच्या घरची चौकशी करावी. कचेरीतील सहकाऱ्यांनी कुजबुज करण्याऐवजी १४४४६ हा राष्ट्रीय निःशुल्क साहाय्य क्रमांक त्याच्या हाती द्यावा. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस'च्या सभा आज आपल्याकडेही भरतात. तेथे शुल्क नाही, नावाची विचारपूस नाही, आणि तासा-दीड तासात घरी परतता येते. एकट्या पालकाला परवडणारी ही पहिली पायरी आहे.

त्या विद्यार्थ्याच्या घरचा प्रश्न अखेर सुटला, तो सिन्नरहून त्याची आत्या पाच आठवडे येऊन राहिली म्हणून. वडील उपचार घेऊन आले, मध्ये दोनदा घसरले, पुन्हा सावरले. आज ते कामावर आहेत आणि मुलगी पदवीच्या वर्गात शिकते आहे. परंतु यात योजनेचे श्रेय काही नाही. श्रेय आहे ते केवळ एका बहिणीचे. ज्याला अशी बहीण नाही, त्याने काय करावे, याचे उत्तर देणे हे आता आपणा सर्वांचे काम आहे.