घरच्या मैदानावरील माघार

नवी मुंबईतील डॉ. डी. वाय. पाटील क्रीडांगणावर २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारताच्या महिला क्रिकेट संघाने दक्षिण आफ्रिकेचा ५२ धावांनी पराभव करून विश्वचषक जिंकला, तेव्हा आमच्या सांगली जिल्ह्यात जो जल्लोष झाला तो सर्वस्वी उचित होता. संघाची उपकर्णधार स्मृती मानधना ही सांगलीत लहानाची मोठी झालेली मुलगी. तेव्हा त्या विजयावर सांगलीकरांनी थोडासा अधिक हक्क सांगितला असेल, तर त्याबद्दल कोणी तक्रार करू नये. परंतु त्याच हिरवळीने त्याआधी पावणेचार वर्षांपूर्वी भारतीय मुलींचा एक निराळा प्रसंग पाहिला होता. त्याची आठवण त्या रात्री कोणास झाल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

२० जानेवारी २०२२ रोजी महिलांची आशियाई फुटबॉल स्पर्धा महाराष्ट्रात सुरू झाली. मुंबई, नवी मुंबई आणि पुणे अशी तीन केंद्रे होती. बारा देशांचे संघ या स्पर्धेत एकत्र येत होते, आणि पुढील वर्षीच्या विश्वचषकासाठी आशियातील संघ याच स्पर्धेतून निवडले जाणार होते. यजमान भारताचा पहिला सामना इराणशी झाला आणि एकही गोल न होता बरोबरीत सुटला. दुसरा सामना २३ जानेवारीस तैवानशी होता. तो झालाच नाही. महामारीची लागण संघाच्या निवासस्थानी पोहोचली होती, आणि नियमाप्रमाणे आवश्यक असलेले तेरा खेळाडूदेखील भारतास उभे करता येईनात. भारताने स्पर्धेतून माघार घेतली असे मानण्यात आले. इराणविरुद्धची ती बरोबरीही नोंदीतून पुसली गेली. ज्या मुलींनी आदल्या सबंध वर्षात दुसरा विचार केला नव्हता, त्या घरच्या मैदानावरून एकही हिशेबातला सामना न खेळता परत गेल्या. प्रशिक्षक थॉमस डेनर्बी यांनी व्यवस्थेतील ढिलाईवर उघड टीका केली. महासंघांनी पत्रके काढली. आणि आठवडाभरात सारे शांत झाले.

हा केवळ दुर्दैवाचा फेरा होता, असे म्हणून प्रकरण मिटविणे सोपे आहे. साथीचा रोग कोणाच्या हातचा नसतो हे खरे. परंतु या स्पर्धेचा इतिहास जो चाळून पाहील, त्याला २०२२ ची माघार ही पहिली माघार वाटणार नाही. भारताच्या महिला फुटबॉलची खरी माघार त्याच्या पुष्कळ आधी झाली होती, आणि ती कोणत्याही रोगाने झालेली नव्हती.

स्त्रियांनी फुटबॉल खेळावा की नाही, हा प्रश्न एके काळी पुढारलेल्या म्हणविणाऱ्या देशांनाही पडला होता. १९२० च्या डिसेंबरात लिव्हरपूलच्या एका मैदानावर महिलांचा सामना पाहण्यास पन्नास हजारांहून अधिक प्रेक्षक लोटले. पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने आपल्या मैदानांचे दरवाजे स्त्रियांस बंद केले, आणि ते जवळजवळ पन्नास वर्षे बंदच राहिले. पश्चिम जर्मनीने १९५५ पासून १९७० पर्यंत अशीच बंदी घातली. ज्या ब्राझीलच्या फुटबॉलचे गोडवे सारे जग गाते, तेथे १९४१ पासून १९७९ पर्यंत स्त्रियांस हा खेळ कायद्याने निषिद्ध होता. आशियातही अधिकृत महासंघाच्या दारी स्त्रियांस जागा नव्हती. म्हणून त्यांनी आपली स्वतंत्र संघटना काढली आणि १९७५ साली हाँगकाँगमध्ये पहिली आशियाई स्पर्धा भरविली. गंमत अशी की, आशियाची ही पहिली स्पर्धा न्यूझीलंडने जिंकली. जो येईल तो आपला, अशा उदार बुद्धीने त्या बिचाऱ्यांचा कारभार चालला होता.

त्याच १९७५ साली भारतातही महिला फुटबॉलचा स्वतंत्र महासंघ स्थापन झाला. वाचकांनी हे साल ध्यानात ठेवावे. इंग्लंड आणि जर्मनी येथील बंदी उठून तेव्हा चार-पाच वर्षेच झाली होती, आणि ब्राझीलमध्ये ती चालूच होती. म्हणजे भारत या वाटेवर उशिरा आलेला नव्हता. नोंदीत १९७९ ची म्हणून गणली जाणारी, परंतु प्रत्यक्षात १९८० च्या जानेवारीत झालेली आशियाई स्पर्धा केरळात कालिकतला भरली. यजमानांनी तीत एक नव्हे, दोन संघ उतरविले. त्यांतील एक अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि तैवानकडून दोन गोलांनी हरला. १९८१ साली हाँगकाँगला भारत तिसरा आला. १९८३ साली थायलंडमध्ये पुन्हा अंतिम सामना, आणि यजमानांकडून तीन गोलांनी पराभव. त्या पिढीतील बंगालच्या शांती मलिक यांना त्याच वर्षी अर्जुन पुरस्कार मिळाला. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला फुटबॉलपटू होत. चार वर्षांत तीन स्पर्धा, दोनदा दुसरा क्रमांक आणि एकदा तिसरा! भारतीय फुटबॉलच्या इतिहासात पुरुषांच्या १९५१ आणि १९६२ च्या एशियाडमधील सुवर्णपदकांचा उल्लेख आदराने होतो, आणि तो व्हावयासच पाहिजे. परंतु या मुलींची नावे शाळेच्या कोणत्याही पुस्तकात आमच्या पाहण्यात आलेली नाहीत, आणि पुस्तके पाहण्यात आमच्या आयुष्याची बरीच वर्षे गेली आहेत.

येथे एक तुलना अपरिहार्य आहे. १९८१ च्या ज्या हाँगकाँगच्या स्पर्धेत भारत तिसरा आला, तीच जपानच्या महिला संघाची पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा होती. तीत तो संघ प्राथमिक फेरीतच गारद झाला. पुढे १९८९ साली जपानने महिलांची राष्ट्रीय साखळी स्पर्धा सुरू केली. वर्षानुवर्षे सामने होत राहिले. २०११ साली जपानने अमेरिकेस हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला. भारताचे काय झाले? १९९० च्या दशकाच्या आरंभी महिलांचा स्वतंत्र महासंघ अखिल भारतीय फुटबॉल महासंघात विलीन झाला. थोरल्या घरात गेल्यावर धाकटीचे कल्याण होईल, ही अपेक्षा स्वाभाविक होती. प्रत्यक्षात तिच्या वाट्याला माजघराचा कोपरा आला. २००९ साली अशी वेळ आली की, दीड वर्षाहून अधिक काळ एकही सामना न खेळल्यामुळे भारताच्या महिला संघाचे नाव जागतिक क्रमवारीतून गाळण्यात आले. हरलेल्या संघाचा क्रमांक खाली जातो. न खेळणाऱ्या संघास क्रमांकच नसतो. महिलांची राष्ट्रीय साखळी स्पर्धा आपल्याकडे सुरू झाली ती २०१६-१७ च्या हंगामात, म्हणजे जपाननंतर सत्तावीस वर्षांनी.

मुलींच्या अंगी गुण नव्हते असे म्हणावे, तर मणिपूरकडे पाहावे. त्या छोट्याशा राज्याने महिलांची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा वीसहून अधिक वेळा जिंकली आहे, आणि तेथील बेमबेम देवी यांना २०२० साली पद्मश्रीने गौरविण्यात आले. सामने, पैसा आणि लक्ष या तिहींची वाण होती. महिला क्रिकेटचीही एके काळी हीच कथा होती. तिची संघटना १९७३ सालची, म्हणजे फुटबॉलच्या संघटनेहून दोनच वर्षांनी थोरली. तीही २००६ साली पुरुषांच्या मंडळात विलीन झाली आणि तिनेही बरीच वर्षे उपेक्षा सोसली. परंतु २०२२ साली मुलींस पुरुषांइतकेच सामन्याचे मानधन देण्याचे ठरले, २०२३ साली त्यांची स्वतंत्र व्यावसायिक स्पर्धा सुरू झाली, आणि २०२५ साली चषक घरी आला. क्रिकेटच्या तिजोरीची बरोबरी फुटबॉल करू शकणार नाही, हे आम्ही जाणतो. तरीसुद्धा आडात घातल्यावाचून पोहऱ्यात येत नाही, हा हिशेब दोन्ही खेळांस सारखाच लागू आहे.

२०२२ च्या त्या स्पर्धेकडे पुन्हा वळू. भारत निघून गेला तरी ती अठरा दिवस महाराष्ट्रात चालू होती, आणि ज्यांनी ती पाहिली त्यांस चांगला फुटबॉल पाहावयास मिळाला. पुण्याच्या बालेवाडीत फिलिपाईन्सने तैवानला पेनल्टींवर हरवून प्रथमच विश्वचषकात प्रवेश मिळविला. पुढच्या वर्षी याच संघाने विश्वचषकात यजमान न्यूझीलंडला त्यांच्याच भूमीवर नमविले. बालेवाडीतच चीनने जपानविरुद्ध दोनदा बरोबरी साधून पेनल्टींवर उपांत्य सामना जिंकला. ६ फेब्रुवारीस नवी मुंबईत दक्षिण कोरिया मध्यंतरापर्यंत दोन गोलांनी पुढे होता. उत्तरार्धात चीनने दोन्ही गोल फेडले आणि जादा मिनिटांत तिसरा करून नवव्यांदा अजिंक्यपद पटकाविले. फिलिपाईन्सच्या मुलींस आपल्या मातीत आपल्या देशाचे दार उघडलेले दिसले. आपल्या मुली तेव्हा खोल्यांत विलगीकरणात होत्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जागतिक महासंघाने भारताच्या फुटबॉल महासंघास अकरा दिवस निलंबित केले, आणि ऑक्टोबरात सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात झाला. तीत भारत तिन्ही सामने हरला; सोळा गोल झाले, एकही फेडता आला नाही. तिचाही अंतिम सामना नवी मुंबईच्या याच मैदानावर झाला. मांडव आमचा, पंगत आमची, वाढपीही आम्हीच; पानावर मात्र इतरांनी बसावे, असा हा प्रकार म्हणावा लागेल.

तथापि चित्र सर्वस्वी काळे आहे असे नाही. ५ जुलै २०२५ रोजी थायलंडमधील चिआंगमाई येथे भारताने यजमान थायलंडला दोन विरुद्ध एक गोलाने हरविले आणि २०२६ च्या ऑस्ट्रेलियातील आशियाई स्पर्धेत प्रवेश मिळविला. दोन्ही गोल संगीता बासफोर हिचे होते. पात्रता फेरी जिंकून या स्पर्धेस जाण्याची भारताची ही पहिलीच वेळ. २००३ नंतर भारत या स्पर्धेत केवळ २०२२ साली, आणि तोही यजमान म्हणून दिसला होता. ज्या थायलंडने १९८३ साली अंतिम सामन्यात भारतास रोखले, त्याच थायलंडमध्ये बेचाळीस वर्षांनी हा हिशेब चुकता झाला. या विजयाची वार्ता वृत्तपत्रांनी किती जागेत छापली, हे वाचकांनी जुने अंक काढून पाहावे.

आता कोणी विचारील की, विट्याच्या माणसाने चिआंगमाईची चिंता का करावी? आमचे उत्तर असे की, विट्याचा माणूस कोठे नाही? सोन्याचांदीच्या गलाईसाठी खानापूर तालुक्यातील कुटुंबे केरळपासून बंगालपर्यंत पसरलेली आहेत, आणि ही तर फुटबॉलची माहेरघरे. ज्यांची मुले तिकडे शाळेत जातात, त्यांना मुलगी चेंडूमागे धावताना पाहून नवल वाटत नाही. नवल वाटते ते गावी आल्यावर. कोल्हापूर आमच्यापासून दोन-अडीच तासांच्या वाटेवर. तेथे पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमींच्या सामन्यांस शाहू स्टेडियम भरून जाते. फुटबॉल हा परक्यांचा खेळ आहे, असे आमच्या भागात तरी कोणी म्हणू शकणार नाही. परंतु त्या तालमींच्या वेडात मुलींचा वाटा किती, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

शिक्षकी पेशात घालविलेल्या वर्षांत आम्ही एक गोष्ट पुनःपुन्हा पाहिली. पाचवी-सहावीतील मुली मैदानावर मुलांइतक्याच धावतात. आठवीत त्या कडेला उभ्या राहतात. दहावीत मैदानावर येतच नाहीत. कोणी त्यांस मनाई केल्याचे स्मरत नाही. मैदान मुलांनी व्यापलेले असते, संध्याकाळी घरी परतण्याची घाई असते, कपडे बदलण्यास जागा नसते, आणि खेळाच्या तासाला गणिताचे शिक्षक अभ्यासक्रम पुरा करीत असतात. गावची मैदाने तर प्रदर्शने, सभा आणि लग्नाचे मांडव यांतून सवड मिळेल तेव्हाच मैदाने असतात. टेंभूचे पाणी आमच्या दुष्काळी शिवारात आले, त्यासाठी किती वर्षे झगडावे लागले हे येथील शेतकऱ्यास सांगणे नको. वर पंप चालू झाले म्हणून शेवटच्या रानाला पाणी मिळत नाही, चारी काढावी लागते. दिल्लीत महासंघाने काय करावे हे सांगण्यास पुष्कळ शहाणे आहेत. चारी मात्र आम्हांसच काढावी लागेल.

तिला फार मोठा खर्च नाही. विट्यातील शाळांनी आठवड्यातून तीन सायंकाळी मैदान केवळ मुलींसाठी राखून ठेवावे. नगरपरिषदेने एखाद्या सार्वजनिक मैदानास कुंपण, दिवे आणि मुलींसाठी स्वतंत्र खोली द्यावी, आणि ते मैदान हंगामात मांडवासाठी भाड्याने देऊ नये. शालेय सुब्रोतो चषकात मुलींचा विभाग आहे. तालुक्यातून त्यासाठी नावे जातात की नाही, याची चौकशी पालकांनी मुख्याध्यापकांकडे करावी. गलाईच्या धंद्यात ज्यांनी परप्रांतांत नाव आणि पैसा मिळविला, ते गावच्या देवळास आणि यात्रेस मुक्तहस्ते देणगी देतात; त्यांनी एका वर्षी चेंडू, बूट आणि जाळी यांचाही विचार करावा. मुलींचा संघ उभा करणाऱ्या प्रत्येक शाळेच्या सामन्यांचे वृत्त, ती हरली तरीही, मुलांच्या सामन्यांइतक्याच जागेत आणि त्याच पानावर आम्ही छापू.