रंग हिरवा, पण पोरगं थांबलंय

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

गेल्या आठवड्यात आपल्याकडे एका नव्या ॲपचं सादरीकरण झालं. अंगणवाडीतल्या मुलांची वजनं-उंची पडद्यावर दाखवणारं ॲप. (पोषण ट्रॅकर नव्हे, हे वेगळं. कुणी बनवलं ते लिहीत नाही, कारण माझं भांडण त्या एका ॲपशी नाही.) मोठा पडदा, गरगर फिरणारा पाय चार्ट, रंगीत नकाशा, बोट लावलं की आकडे उड्या मारतात. साहेब लोक खूश. टाळ्या. मीही फोटो काढला, खोटं कशाला बोलू.

सेविका शेवटच्या रांगेत होत्या. त्यांना कुणी काही विचारलं नाही. चहाच्या वेळी त्यातल्या एका ताईंना मी म्हटलं, "कसं वाटलं?" त्या म्हणाल्या, "चांगलंय की भाऊ. पण आम्हाला त्याचा काय उपयोग? आम्ही नुसतं भरतो." मग पिशवीतून रजिस्टर काढलं आणि एका मुलाचा पेन्सिलने काढलेला आलेख दाखवला. रेघ वर जाता जाता आडवी झालेली. "रंग तर हिरवाच हाये, पण पोरगं थांबलंय."

हे एक वाक्य त्या तासाभराच्या सादरीकरणात कुठेच नव्हतं.

आता हे समजून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये बालवाढीची मानकं जाहीर केली. सहा देशांतली मुलं मोजून ती ठरवली, त्यात आपली दिल्लीची मुलंही होती. २००८ पासून अंगणवाडीतले तक्ते त्यावर चालतात. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे वजन कमी, केशरी म्हणजे फारच कमी. सोपं आहे, छान आहे. पण त्याच तक्त्याप्रमाणे, दहाव्या महिन्यात ९ किलो असलेला मुलगा दीड वर्षाचा होईपर्यंत ९ किलोवरच अडकला तरी तो हिरव्यातच राहतो! आठ महिने वजनात काडीची वाढ नाही आणि पडद्यावर सगळं हिरवंगार. पिवळा होतो तो त्याच्याही पुढे. तोवर काय व्हायचं ते होऊन जातं.

ही गोष्ट नवी नाही. डेव्हिड मॉर्ली नावाचे इंग्रज बालरोगतज्ज्ञ १९५० च्या दशकात नायजेरियातल्या इमेसी गावात काम करत होते. मुलांच्या वजनाचा तक्ता त्यांनी तिथे आकाराला आणला आणि तो दवाखान्याच्या कपाटात न ठेवता प्लास्टिकच्या पिशवीत घालून आईच्या हातात दिला. त्यांचं म्हणणं एवढंच, की मूल कुठल्या पट्ट्यात आहे यापेक्षा रेघ कुठे चालली आहे ते बघा. चढतेय, आडवी झालीय की उतरतेय. आकडे न वाचता येणाऱ्या आईलाही ते समजावता येतं.

दंडघेराची पट्टी घ्या. मुलाच्या दंडाभोवती गुंडाळायची, ११.५ सेंटिमीटरच्या आत असेल तर लाल. वय माहीत नसलं तरी चालतं, गणित नाही, रेंज नाही, बॅटरी नाही. ही कल्पना रुजवण्यात बगदादच्या डॉ. शाकिर यांचं काम आहे. वस्तू कुणाच्या हातात पडणार, हे आधी बघून बनवली की ती अशी होते.

आणि आपल्याकडे? २०२१ चा ऑगस्ट आठवा. राज्यातल्या सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले होते. २ जीबी रॅमचे फोन, सारखे हँग व्हायचे, आणि ॲप इंग्रजीत. त्या ओरडल्या तेव्हा कुठे चर्चा झाली. फोन वाटण्याआधी चार सेविकांच्या शेजारी अर्धा दिवस बसलं असतं तरी हे कळलं असतं.

यावर ठरलेलं उत्तर येतं: प्रशिक्षण देऊ. म्हणजे चूक बाईची, ॲपची नाही.

बरं, शिकलेल्या माणसांचं बघू. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत कुठे अडथळा तयार होण्याचा धोका आहे, हे डॉक्टरांना चित्रातून शोधायचं असतं. चित्रं त्रिमितीय आणि इंद्रधनुष्यी रंगांची, दिसायला एकदम भारी. मिशेल बॉर्किन आणि हार्वर्डमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलून त्यांचं काम समजून घेतलं, मग चित्र सपाट केलं, रंग बदलले आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांना धोक्याच्या जागा शोधायला लावल्या. २०११ मध्ये निकाल छापला. जुन्या चित्रात त्यांना धोक्याच्या ३९ टक्के जागा सापडल्या, नव्यात ९१ टक्के. रक्तवाहिन्यांची माहिती तीच. बदललं ते फक्त चित्र. हार्वर्डच्या पोरांना जे इंद्रधनुष्य चकवतं, ते आमच्या ताईंनी प्रशिक्षण घेऊन ओळखायचं काय?

म्हणून "सगळ्यांना आवडलं" या अभिप्रायाला माझ्या लेखी किंमत नाही. सादरीकरणानंतर फॉर्म फिरवला होता, 'ॲप कसे वाटले?', पाचपैकी गुण द्या. समोर साहेब बसलेत, कोण दोन गुण देईल? 'किती नोंदी झाल्या' हाही पुरावा नाही. पगार कापतील म्हणून नोंदी होतातच. विचारायचं ते वेगळं आहे. हे बघून बाईला योग्य मूल सापडलं का? किती वेळात? आणि चार महिन्यांनी त्या आडव्या रेघेच्या पोराच्या घरी कुणी गेलं का?

माझीही चूक सांगून टाकतो. दोन वर्षांपूर्वी असाच एक पाय चार्ट मी पहिल्या पानावर छापला होता. 'जिल्ह्यात कुपोषण घटले'. घटलं असेलही. पण हिरव्यात अडकलेली पोरं त्यात किती, हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. तो त्या ताईंच्या पेन्सिलीने सुचवला.

त्या ॲपचं पुढचं सादरीकरण लवकरच आहे म्हणतात. माझी जाहीर मागणी आहे. पहिल्या रांगेत साहेब नकोत, पाच सेविका बसवा. त्यांच्याच फोनवर दहा मुलांची माहिती द्या, त्यात दोन-तीन आडव्या रेघेची हिरवी मुलं घाला, आणि एकच विचारा: ताई, आज कुणाच्या घरी जाल? घड्याळ मी लावतो. आणि ॲप बनवणाऱ्यांनी तेवढा वेळ मागे खुर्चीत गप्प बसायचं. मधे "इथे क्लिक करा" म्हणायचं नाही.